द्वारकाबाईच्या उंबऱ्यावरचा धोंडा

शिरड शहापुरात नामाजीला फसवून दाखवायची पैज अधूनमधून लागायची आणि लावणारा हरायचा. मेंढा विकत घ्यायचा झाला तर हा माणूस आधी त्याचे दात बघायचा, मग कण्यावरून बोटं फिरवायचा, मग खूर उलटे करून त्यांचा वास घ्यायचा, आणि एवढं झाल्यावर विकणाऱ्याकडे वळून शांतपणे म्हणायचा, "आता तुमीच सांगा, खोट कुठं हाय?" विकणारा बिचारा घाबरून नसलेली खोटही कबूल करून मोकळा व्हायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. नामाजीचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी तो पाणीसुद्धा फुंकून प्यायचा आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

तो धनगर होता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कनेरगावच्या नाक्यावरून वऱ्हाडात उतरायचं आणि मृगाच्या आत परत यायचं, यात त्याची उमर गेली. तिकडे इंग्रजाचा मुलूख, इकडे निजामाचा. मेंढरांना दोन्हीकडचं गवत सारखंच. पण शेहेचाळीस साल उजाडेपर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागले होते. बायको अनुसयाबाई अर्धं आयुष्य पालात आणि अर्धं गावाबाहेरच्या खोपटात काढून वैतागली होती. थोरल्याचं लग्न ठरत आलं होतं. आता गावात एक घर पाहिजे, पुढं ओटा असलेलं, असं तिनं एकदा ठणकावून सांगितलं.

आणि नेमकं द्वारकाबाईचं घर विकायला निघालं. माळवदाचं घर, पुढं रुंद ओटा, मागं परस. तिचा नवरा माणिकराव दोन वर्षांमागं वारला होता. तो लहानसा शेतकरी, नामाजीचा जुना सोबती. नामाजीची मेंढरं दरवर्षी माणिकरावाच्याच रानात बसायची. मेंढरांच्या लेंड्यांनी रान पिकायचं आणि नामाजीला द्वारकाबाईच्या हातची भाकरी मिळायची. तो माणिकरावाला दादा म्हणायचा, तिला वैनी. या वैनीची एकुलती लेक सुमन कनेरगावाकडं दिलेली, नवरा वयानं बापाएवढा आणि आता अंथरुणाला खिळलेला. लेकीजवळ जाऊन राहायचं तर हात हलवत कसं जायचं, म्हणून द्वारकाबाई घर विकत होती.

दुसरा कुणी असता तर ओट्यावर बसून, पान खाऊन व्यवहार उरकला असता. पण नामाजीच्या मनात एक जुनं कुसळ होतं. काही वर्षांमागं सुमनची पहिली सोयरीक मोडली होती. पाहुणे चांगले खातेपिते होते, घर बघायला म्हणून आले आणि ताटं वाढलेली असताना न जेवता उठून गेले. काहून गेले ते माणिकरावानं कुणालाच सांगितलं नाही. गावानं मात्र आपलं आपण ठरवलं, आणि त्या ठरवण्यात नामाजीचा आवाज मोठा होता. माणिकदादाचा हात सैल, घर कुठंतरी अडकवून बसला असंल, असं तो तेव्हा चारचौघांत बोलला होता.

"दवंडी द्यावी लागंल," तो अनुसयाबाईला म्हणाला.

"त्या बाईच्या घराची दवंडी?" अनुसयाबाई भाकरी थापता थापता थांबली. "अवो, तिच्या हातचं खाल्लं तुमी. नुसतं इचारा ना तिला, घरावर काही बोजा हाय का म्हणून."

"इचारल्यावर कोण खरं सांगतंय? व्यवहार म्हंजी व्यवहार."

दवंडीची रीत अशी होती. घर विकायला निघालं आणि घेणाऱ्याला शंका आली, की गावात हलगी वाजवून विचारायचं: या घरावर कुणाचं गहाण, कुणाचा हक्क, कुणाचा जामीन आहे का? विकणाऱ्यानं त्या वेळी स्वतःच्या दारात उभं राहायचं. पुढच्या बाजारापर्यंत कुणी उंबऱ्यावर धोंडा ठेवला, तर घर अडकलेलं. ठेवणाऱ्यानं पाटलापुढं येऊन सांगायचं, कशाचा धोंडा ते. नाही ठेवला तर घर मोकळं. आणि ठेवलेला धोंडा उचलायचा झाला, तर ज्याच्यापायी तो आला त्यानंच उचलायचा, दिवसाढवळ्या, चार लोकांत. कळमनुरीच्या तहसील कचेरीत कागद असायचे, पण ते उर्दूत. गावाला धोंडा वाचता यायचा.

रीत असली तरी विधवेच्या घराची दवंडी सहसा कुणी देत नसे. नामाजी विचारायला गेला तेव्हा द्वारकाबाई ओटा सारवून हात धूत होती. तिनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "द्या. माझी न्हाई कुठं हाय?"

हलगी वाजवायचं काम सटवाजीचं. तो सकाळी गल्लीगल्लीनं फिरला आणि शेवटी द्वारकाबाईच्या दारापुढं येऊन उभा राहिला. बाई उंबऱ्यात उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीला. शेजारच्या बाया दारं लोटून फटीतून बघत होत्या. "माणिकरावाच्या घरावर कुणाचा बोजा असंल त्यानं धोंडा ठेवावा हो," असं सटवाजी ओरडला, पण त्याचाही आवाज रोजच्यासारखा मोकळा नव्हता. नामाजी मात्र खांद्यावर घोंगडी टाकून, काठीवर दोन्ही हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभा होता. आपण कसं रीतसर करून राहिलो, हे लोकांनी बघावं असं त्याला वाटत होतं आणि लोक बघतही होते.

बाजाराला अजून अवकाश होता. एका सकाळी नामाजी सहज म्हणून त्या गल्लीनं गेला, आणि उंबऱ्यावर धोंडा.

चांगला पसरट, काळसर, दोन हातांनी उचलावा असा. नामाजीनं तो पायानं जरा सरकवून पाहिला. त्याला राग यायला हवा होता, कारण घर हातचं गेलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला. आपण म्हणालो तेच निघालं. तो तसाच पाटलाच्या ओट्यावर गेला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, "बघा, माझं नाक खोटं बोलत न्हाई. खोट व्हतीच."

व्यंकटराव पाटलानं माणसं बोलावली. द्वारकाबाईच्या दारापुढंच सगळे बसले. पाटलानं विचारलं, धोंडा कुणाचा? कुणी बोलेना. पुन्हा विचारलं. तेव्हा उंबऱ्याआडून द्वारकाबाई म्हणाली, "मी ठेवला."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आपल्याच घरावर कुणी धोंडा ठेवतं का?

"घर अडकलेलं हाय," ती म्हणाली. "मालक जामीन झाले व्हते एकाला. तो माणूस तारखेला हजर राहील, न्हाई राह्यला तर घर सरकारात अडकून राहील, असं लिहून दिलं. तो राह्यला न्हाई. घर अडकून राह्यलं. दवंडी झाली, इचारलं, म्हणून मी सांगून राहिले. लपवून कुणाच्या गळ्यात घर मारायचं न्हाई मला."

"सुमनची सोयरीक मोडली ती यानंच?" पाटलानं हळू आवाजात विचारलं.

"व्हय. पाहुण्यांनी कचेरीत चौकशी केली. पोरीच्या बापाचं घर सरकारात, म्हणले, अन उठले."

सगळ्यांच्या आधी बोलला तो नामाजी. त्याचा आवाज चढला होता, आणि तो मनापासून चढला होता, हे इथं सांगायला पाहिजे. माणिकदादाला त्यानं उधळ्या ठरवलं होतं. दादाची काही चूक नव्हती हे कळून त्याला खरोखर वाईट वाटलं आणि त्याची भरपाई म्हणून तो तावातावानं उठला.

"वैनी, नाव सांगा त्याचं. असा कोण बेइमान हाय? दादानं घर टांगलं त्याच्यापायी अन तो तोंड लपवून बसला? एका पोरीचं वाटोळं झालं. त्याला कानाला धरून हितं आणतो मी."

"ऱ्हाऊ द्या, भावजी," द्वारकाबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ काहून द्यायचं? त्याच्या तोंडाला काळं फासलं पायजे. पाटील, तुमी इचारा."

पाटलानं विचारलं. बाई नाव घेईना. मालकांनी कधी घेतलं नाही, मी पण घेणार नाही, एवढंच म्हणाली. तेव्हा पाटलानं दुसरं विचारलं, "बरं, मुकदमा कशाचा व्हता ते तरी सांगा."

"रमन्याचा," ती म्हणाली. "सरकारानं राखलेल्या गवतात मेंढरं घातली व्हती. जंगलाच्या जवानाशी झोंबाझोंबी झाली."

नामाजी उभा होता तो खाली बसला. बसताना त्याची काठी हातातून सुटली आणि ओट्यावरून खाली गडगडत गेली. ती उचलायला कुणी उठलं नाही आणि तोही उठला नाही. गावात मेंढरंवाले बरेच होते. रमन्यात मेंढरं कुणाची ना कुणाची कधीतरी शिरलेली. त्यामुळं कुणाची नजर त्याच्यावर गेली नाही. बैठक उठली, माणसं हळहळत गेली. जाताना एकानं नामाजीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलंसुद्धा, "लय बराबर बोललास."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते नामाजीला त्या पाठीवरच्या हातानं कळलं.

दहा वर्षांमागची गोष्ट. त्याच्या अंगात तेव्हा रग होती आणि रमन्यातलं गवत कमरेएवढं होतं. जवानानं मेंढरू धरलं, यानं जवानाचा हात धरला. कळमनुरीला उभं केलं, जामीन मागितला, तेव्हा माणिकदादा हातातलं औत सोडून आला आणि कागदावर अंगठा देऊन त्याला सोडवून घेऊन गेला. तारीख पडली ती दिवाळीनंतरची. आणि दिवाळीनंतर मेंढरं थांबत नाहीत. चारा संपलेला, कळप निघालेला, सोबतीची पालं पुढं गेलेली. नामाजी दादाच्या रानात जाऊन म्हणाला, मेंढरांना काय तारीख कळते, दादा? तुमी सायबाला सांगा, मी मृगाला येतो. माणिकराव म्हणाला, "जा तू. मी बघतो."

मृगाला नामाजी आला. शिपाई आला नाही, बोलावणं आलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून तो खूश झाला. दादाला एकदा विचारावं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं का? वाटलं होतं. हे त्याला आता स्वच्छ आठवलं आणि तीच गोष्ट त्याला गिळता येईना. रानात मेंढरं बसवताना एकदा विचार ओठापर्यंत आला होता. पण विचारलं असतं तर दादानं काहीतरी सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर कळमनुरीला जावं लागलं असतं. म्हणून त्यानं पावसापाण्याचं काढलं. मेंढ्याचे खूर हुंगणाऱ्या माणसानं ही एक खोट हात न लावता तशीच ठेवली होती. पुढं तर तो विसरूनच गेला. इतका, की सुमनची सोयरीक मोडली तेव्हा माणिकरावाला नावं ठेवताना त्याची जीभसुद्धा अडखळली नाही.

घरी गेल्यावर त्यानं अनुसयाबाईला सांगितलं. सांगताना तो तिच्याकडं नाही, चुलीकडं बघत होता.

अनुसयाबाईनं तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून अन दुसऱ्याचं पाहायचं वाकून. अन वर दवंडी."

तो कळमनुरीला गेला. धुतलेलं धोतर नेसून, सोबत भाकरी बांधून, आपल्याला आत टाकतील अशा तयारीनं गेला. खरं म्हणजे आत टाकावं असंच त्याला वाटत होतं. काहीतरी भोगल्याशिवाय त्या गल्लीत पाय कसा घालायचा? कचेरीतला म्हातारा पेशकार कानावर लेखणी खोचून बसला होता. नामाजीनं गावाचं, माणिकरावाचं नाव सांगितलं, रमन्याचं सांगितलं, आणि खाली मान घालून उभा राहिला.

"माणिकराव?" पेशकारानं चष्मा वर केला. "वो शिरड वाला? हर साल आता था बेचारा. मैं बोलता, अरे बाबा, आदमी को लाओ, एक दफा हाजिर करो, बस. वो बोलता, आदमी मेंढरं लेके गया है साब, आयेगा. हर साल यहीच बोलता था."

"हर साल?"

"हर साल. तुम किधर थे इतने बरस?"

नामाजी गावातच होता. पावसाळाभर माणिकरावाच्याच रानात होता. माणिकराव सकाळी कळमनुरीच्या वाटेला लागायचा, कुठं निघालात दादा म्हटलं की बाजाराला म्हणायचा, आणि मेंढरं राखत बसलेल्या याच्यासाठी भाकरीचं फडकं ठेवून जायचा. ते फडकं नामाजीला दिसायला लागलं.

दिवसभर त्याला ओसरीत उभं केलं. संध्याकाळी साहेबानं दोन शब्द रागानं सुनावले, अंगठा घेतला आणि मुकदमा निकालात काढून घर मोकळं केलं. आत टाकलं नाही, मारलं नाही. ज्या जवानाचा हात त्यानं धरला होता तो कधीच मरून गेला होता. "जा," साहेब म्हणाला. एवढंच काम होतं. नुसतं येऊन उभं राहायचं. ते त्यानं केलं नाही म्हणून एक घर दहा वर्षं अडकलं, एक पोर म्हाताऱ्याला दिली गेली, आणि एक माणूस दरवर्षी कळमनुरीला जाऊन त्याच्यासाठी खोटं बोलून आला. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा वाटलं.

धोंडा गुपचूप उचलावा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पहाटे कोण बघतं? पण दवंडी त्यानं भर सकाळी दिली होती. तो सटवाजीकडं गेला.

"हलगी घे," तो म्हणाला.

"काय सांगायचं?"

"सांग, माणिकरावाच्या घरावरचा बोजा नामाजीचा व्हता. तो नामाजीनं फेडायला दहा वर्षं लावली. आता घर मोकळं हाय."

सटवाजी हलगी शेकता शेकता थांबला. "तुमचं नाव घेऊ?"

"घे. माझ्याच तोंडानं म्हणलो असतो, पण तुझा आवाज लांब जातो."

सटवाजीनं सगळ्या गल्ल्या घेतल्या. नामाजी मागून चालला. मागच्या वेळी तो काठी टेकून रस्त्याच्या मध्ये उभा होता. आज त्याला काठी घेऊन निघायची आठवणच राहिली नव्हती. ज्यानं पाठीवर हात ठेवला होता, तो माणूस दारात उभा होता आणि नामाजी जवळ आल्यावर आत गेला. पाटलाच्या ओट्यावरची माणसं उठून पाठोपाठ आली, पण कुणी काही विचारलं नाही. पोरंसुद्धा ओरडली नाहीत.

द्वारकाबाई उंबऱ्यात आली. नामाजी वाकला आणि दोन्ही हातांनी धोंडा उचलला. उचलताना बोटं खालच्या अंगाला गेली आणि तिथं त्यांना खोलगट गुळगुळीत खळगा लागला. तो धोंडा त्यानं उलटा केला.

त्याच्याच मेंढरांना मीठ ठेवायचा धोंडा होता तो. माणिकरावाच्या रानात बांधाला पडलेला असायचा. वर्षानुवर्षं मेंढरांनी चाटून चाटून त्याला जिभांनी खळगा पाडला होता. त्याच्याशेजारी बसून त्यानं या बाईच्या हातच्या भाकरी खाल्ल्या होत्या. बाईनं तो रानातून डोक्यावर आणून, खळगा खाली घालून उंबऱ्यावर ठेवला होता, आणि त्यानं पहिल्या दिवशी तो पायानं सरकवून पाहिला होता.

"तुमी वळखाल वाटलं व्हतं," द्वारकाबाई म्हणाली.

त्याला धोंडा खाली ठेवता येईना आणि धरूनही उभं राहता येईना. डोळ्यांना पाणी आलं ते पुसायला हात मोकळे नव्हते. लोक उभे होते, त्यांच्यासमोर ते पाणी तसंच खाली उतरलं.

"वैनी," तो म्हणाला, "मी हितंच व्हतो. एवढी वर्षं. दादानं मला एका शब्दानं काहून सांगितलं न्हाई?"

"मी म्हणायची त्यांना, सांगा म्हणून. सुमनची सोयरीक मोडली तवा तर भांडले मी." ती पदर सारखा करत म्हणाली. "ते म्हणायचे, त्याला स्वतःहून एकदा इचारू दे. इचारील त्या दिवशी सांगू."

घर शेवटी त्यालाच दिलं तिनं. दुसऱ्या कुणाला दिलं तर तुमच्या नावाला आणखी बट्टा लागंल, म्हणाली. तिचं सामान नामाजीनं स्वतः गाडीत भरलं आणि कनेरगावापर्यंत नेऊन पोचवलं. सुमननं पाणी दिलं, चहा केला, काका म्हणून पाया पडली. तिला काही माहीत नव्हतं. आईनं तिलाही नाव सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायचं नामाजीच्या जिभेवर आलं तेव्हा आतून तिच्या नवऱ्याचा खोकला ऐकू आला.

त्यानं सांगितलं. खोकला थांबेपर्यंत वाट बघून सांगितलं.

सुमननं ऐकून घेतलं, रिकामा कप उचलला आणि आत गेली. बाहेर पुन्हा आली नाही.

ओटा मिळाला म्हणून अनुसयाबाई त्यावर बसायची. नामाजी कधी बसला नाही. आत-बाहेर करताना तो उंबऱ्यापाशी जरा थांबायचा, आणि सून नवीन होती म्हणून तिला वाटायचं, मामंजींचे गुडघे दुखत असतील.